टन नंतर ठरवा, आधी घराच्या पोटाखाली जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ह्यूस्टनच्या उत्तरेला तुम्ही १९९८ सालचं डबल-वाइड मोबाइल होम (कारखान्यात बनवून आणलेलं घर) घेतलंय, २८ बाय ५२ फुटांचं. आत इलेक्ट्रिक फर्नेस (हिवाळ्यात घर तापवणारं यंत्र) आहे, फरशीखाली हवा नेणारे डक्ट आहेत, पण सेंट्रल एसी कधी बसलेलाच नाही. तीन विंडो एसी लावून तुम्ही एक उन्हाळा काढलात. आता एक ठेकेदार म्हणतो पाच टनी पॅकेज युनिट (सगळं यंत्र घराबाहेर एकत्र) घ्या, दुसरा म्हणतो साडेतीन टनी स्प्लिट. आणि पुण्याहून भाऊ सांगतोय, 'आमच्या एका बेडरूमला दीड टन लागतो, तुमच्या अख्ख्या घराला पाच टन तर हवेतच!'

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. पाच टन अजिबात नको. अडीच ते तीन टन, स्प्लिट, आणि नुसता एसी नव्हे तर हीट पंप, म्हणजे हिवाळ्यात उलटा फिरून घर तापवणारा एसी. पण त्यातला एक डॉलरही खर्च करण्याआधी घराखालचे डक्ट दुरुस्त झाले पाहिजेत. ते होणार नसतील तर माझं बाकीचं उत्तर वाचायची गरज नाही. विंडो एसीच राहू द्या, निदान त्यांची गार हवा खोलीत तरी पडते.

आधी भावाचा हिशेब. पुण्यातला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट म्हणजे दिवसभर तापलेला स्लॅब. तो रात्री अकरापर्यंत उष्णता खाली सोडत बसतो. भिंतीत इन्सुलेशन नाही, आणि गार होतेय ती एकच खोली, जिला चारी बाजूंनी गरम घर चिकटलेलं. मोबाइल होमची भिंत म्हणजे लाकडी चौकट, तिच्यात फायबरग्लास, बाहेर पातळ पत्रा किंवा विनाइल. ती लवकर तापते, पण उष्णता साठवून ठेवत नाही. सूर्य कलला की तासाभरात घर हलकं होतं. त्यामुळे पुण्याचा टन इथे लावू नका.

पाच टनवाल्याचा आकडा कुठून आला तेही सांगतो. २८ गुणिले ५२ म्हणजे १४५६ चौरस फूट. त्याला तीनशेने भागा: ४.८५. झाले पाच टन! दारात गाडी उभी करून, इंजिनही बंद न करता केलेला हिशेब आहे हा. योग्य पद्धतीला इथे 'मॅन्युअल-जे' (Manual J) असं नाव आहे. खिडक्या किती, कुठल्या दिशेला, छतात इन्सुलेशन किती, माणसं किती, बाहेरचं डिझाइन तापमान किती, हे सगळं धरून खोलीनिहाय उष्णता काढायची. तुमच्यासारख्या घरांचे हिशेब मी या भागात पुष्कळ केलेत. बरेचसे अडीच टनाच्या आसपास बसतात, पश्चिमेला मोठ्या खिडक्या असल्या तर तीन. 'हिशेबाचा कागद दाखवा' असं ठेकेदाराला म्हणून बघा. जो हसेल त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता खरा मुद्दा. टन उष्णतेवरून निघतात, पण घरात किती टन *मावतात* ते डक्ट ठरवतात. एका टनाला मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा फिरवावी लागते. डबल-वाइड म्हणजे दोन अर्धी घरं शेजारी आणून जोडलेली. फर्नेस एका अर्ध्यात असते आणि दुसऱ्या अर्ध्याला हवा जाते ती घराखालून जाणाऱ्या एका गोल, लवचीक नळीतून. तिला क्रॉसओव्हर म्हणतात. बहुतेक घरांत ती १२ इंच व्यासाची असते, म्हणजे तिचं तोंड पाऊण चौरस फुटाहून जरासं मोठं. तीन टनाला एकूण १२०० घनफूट हवा, त्यातली निम्मी क्रॉसओव्हरमधून. नळीत वेग येतो मिनिटाला सुमारे ७६५ फूट. जरा जास्तच, पण चालतं. अडीच टनाला ६४० च्या खाली, छान. पाच टनाला? १२७० च्या वर. लवचीक नळीत एवढा वेग म्हणजे शिट्टी, ब्लोअरवर ताण आणि हवा तरीही कमीच. एसीच्या थंड कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही की कॉइलवर बर्फ धरतो. मग ऑगस्टच्या दुपारी फोन येतो, 'नवीन मशीन, पण गार हवाच येत नाही.' अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण एसीवाल्यांसाठीच केली असावी.

हे तुमचं तुम्हाला तपासता येईल असा एक कागद घरातच आहे. १५ जून १९७६ पासून अशी घरं अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या, म्हणजे 'हड'च्या नियमांनुसार बनतात. (त्याआधीची ती कायद्याने 'मोबाइल होम', नंतरची 'मॅन्युफॅक्चर्ड होम'. बोलताना सगळे मोबाइल होमच म्हणतात.) बाहेर प्रत्येक भागाच्या टोकाला छोटी लाल पट्टी असते. आत एक डेटा प्लेट चिकटवलेली असते, बहुधा किचनच्या कपाटात, बेडरूमच्या क्लॉझेटमध्ये किंवा इलेक्ट्रिक पॅनेलजवळ. तिच्यासोबत कम्फर्ट कूलिंग सर्टिफिकेट असतं. हे घर सेंट्रल एसीसाठी बनवलंय का आणि डक्ट किती बीटीयूपर्यंतच्या यंत्रासाठी आहेत, हे त्यावर छापलेलं असतं. बीटीयू हे उष्णतेचं माप, तासाला १२,००० बीटीयू म्हणजे एक टन. तिथे ३६,००० लिहिलं असेल तर वाद मिटला. कधीकधी आधीच्या मालकाने रंगाचा ब्रश त्यावरूनही फिरवलेला असतो, तेव्हा टॉर्च तिरपा धरून वाचा.

आता पोटाखाली. या घरांच्या तळाला काळं जाड कापड असतं, त्याला इथे बेली म्हणतात. पोटच ते. त्यात इन्सुलेशन आणि पत्र्याचे डक्ट असतात. क्रॉसओव्हर मात्र पोटाबाहेर लोंबकळतो.

काही वर्षांपूर्वी एका जुलैत मला बोलावणं आलं, साडेतीन टन पुरत नाही, पाच टन बसवून द्या. दुपारी चारला आत ८४ डिग्री (इथे सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये). मी स्कर्टिंगचा, म्हणजे घराच्या तळाभोवतीच्या आडोशाचा, एक पत्रा काढून आत सरपटलो आणि बाहेर ९७ डिग्री असताना मला खाली थंडी वाजायला लागली. क्रॉसओव्हरची एक बाजू जोडाच्या कॉलरमधून निसटून जमिनीवर पडली होती आणि तिच्या तोंडाशी एका मांजरीने चार पिल्लांसकट संसार थाटला होता. तीन-साडेतीनशे चौरस फुटांच्या चिखलाला सेंट्रल एसी! मालकाला म्हटलं, तुमचा एसी उत्तम चाललाय, फक्त भाडेकरू वेगळे आहेत. पिल्लं हलवली, नवी नळी टाकली, पत्र्याच्या कॉलरवर स्क्रू आणि पट्टा मारला, जोडावर मॅस्टिक (फटी बुजवणारा लेप) थापलं आणि नळी पट्ट्यांनी उचलून टांगली. सामानाला दोनेकशे डॉलर लागले असतील. साडेतीन टनाचं तेच यंत्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घर ७६ वर धरून होतं. पाच टन विकले असते तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालं असतं, आणि मांजरं आणखी खूश.

गळक्या डक्टचं दुसरं दुखणं जास्त वाईट आहे आणि ते गार न होण्यापुरतं नाही. तुमच्या घरात परतीचा डक्ट नाही. फर्नेसच्या कपाटाच्या दारातल्या झडपांतूनच ती घरातली हवा ओढते आणि खाली डक्टमध्ये ढकलते. ढकललेल्यातली काही हवा घराखाली गळली तर घरात हवेचा तुटवडा पडतो. तो भरून काढायला भिंतींच्या फटींतून बाहेरची हवा आत खेचली जाते. ह्यूस्टनची उन्हाळी हवा म्हणजे मुंबईचा जूनच, ओली. या घरांच्या आतल्या भिंती विनाइल चिकटवलेल्या जिप्समच्या असतात. दमट हवा भिंतीच्या पोकळीत शिरते, थंड विनाइलच्या मागच्या बाजूला जिप्सममध्ये तिचं पाणी होतं, आणि विनाइलमधून ते बाहेर पडू शकत नाही. आधी गुलाबी-जांभळे डाग दिसतात, मग अंगठा दाबला की भिंत बिस्किटासारखी मऊ लागते. फ्लोरिडा सोलर एनर्जी सेंटरच्या मंडळींनी दमट प्रदेशातली अशी बिघडलेली घरं तपासली तेव्हा वारंवार हेच सापडलं: गळके डक्ट, गरजेपेक्षा मोठं यंत्र, आणि थर्मोस्टॅट फार खाली.

मोठं यंत्र का वाईट, तेही यातच आलं. पाच टन घराला आठ मिनिटांत गार करून बंद पडतं. पण हवेतलं पाणी काढायला कॉइल बराच वेळ थंड राहून थेंब ओघळावे लागतात. आठ मिनिटांत कॉइल नुसती भिजते. यंत्र बंद झालं की तेच पाणी परत हवेत. आकडा ७४, अंगाला मात्र चिकट. मग माणूस ७० करतो, मग ६८, आणि भिंत आणखी भिजते. हे मी पुस्तकातून सांगत नाही. या धंद्यातल्या माझ्या दुसऱ्या वर्षी गिऱ्हाइकाच्या आग्रहाला मान देऊन मी एका घराला चार टन लावले. दीड वर्षाने त्याच घरातले बुरशीचे बोर्ड काढताना मीही होतो, बिनपैशाने.

यंत्राकडे येऊ. पॅकेज की स्प्लिट?

पॅकेज युनिट सगळंच्या सगळं बाहेर चौथऱ्यावर असतं आणि घराखालून जाड नळ्यांनी डक्टला जोडतात. फर्नेसच्या कपाटात कॉइलला जागाच नसेल किंवा फर्नेस अजून चांगली असून तिच्यात एसीजोगता ब्लोअर नसेल, तर पॅकेजला अर्थ आहे. पण त्याला परतीची हवाही लागते. म्हणजे जमिनीत मोठी जाळी कापायची आणि आणखी एक नळी घराखालून न्यायची. ती नळी फाटली की घराखालची कुबट हवा सरळ तुमच्या बेडरूममध्ये. शिवाय फर्नेस आणि पॅकेज एकाच डक्टवर असतात, तेव्हा मध्ये डँपर (हवा अडवणारे पडदे) हवेत, नाहीतर थंड हवा उलटी फर्नेसमध्ये शिरते, आत पाणी सुटतं आणि ती गंजते. डँपर लावायला विसरलेली कामं मी पाहिलीत. पाच टनवाल्याच्या कोटेशनमध्ये 'डँपर' हा शब्द आहे का बघा.

स्प्लिटमध्ये कॉइल आत, फर्नेसच्याच कपाटात, आणि कॉम्प्रेसर बाहेर. घराखालून जातात त्या फक्त तांब्याच्या दोन नळ्या आणि पाण्याचा पाइप. उंदीर-खारींना खेळायला कमी सामान. तुमच्यासाठी मी हेच म्हणतो. अट एकच, ब्लोअर. १९९८ च्या इलेक्ट्रिक फर्नेसवरची पट्टी वाचा. किती टनांपर्यंतचं कूलिंग झेपेल ते तिथे असतं. काही फर्नेस फक्त हीटिंगपुरत्या असतात. तशी निघाली तर ती काढून डाउनफ्लो एअर हँडलर (कॉइल आणि हवा खाली ढकलणारा ब्लोअर असलेलं कपाट) बसवा. मात्र तो मॅन्युफॅक्चर्ड होमसाठी मान्यता असलेलाच हवा. साध्या घराचा स्वस्तात मिळाला म्हणून कोंबू नका. या घरांचे डक्ट अरुंद, दाब वेगळा, हवा खाली जाणारी. मापंच जुळत नाहीत. मिलर, इंटरथर्म, कोलमन, रेव्हॉल्व्ह ही नावं या घरांच्या कपाटांत नेहमी दिसतात, त्याचं कारण हेच.

मग हीट पंप का? तुमची फर्नेस इलेक्ट्रिक आहे म्हणून. तिच्यातल्या कॉइल म्हणजे मोठा टोस्टर: एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता. हीट पंप म्हणजे उलटा फिरवता येणारा एसी. ह्यूस्टनच्या सौम्य हिवाळ्यात तो एका युनिटला अडीच-तीन युनिट उष्णता आत आणतो. उन्हाळ्यात तोच एसी. जुन्या टोस्टर कॉइल कडाक्याच्या रात्रीसाठी मदतीला राहतात. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीच्या लाटेसारखी वीजच गेली तर दोन्ही सारखेच थंड, तो प्रश्न वेगळा. घरात गॅसची फर्नेस असती तर मी एवढा आग्रह धरला नसता.

सीअर-टू (SEER2), म्हणजे यंत्र किती कमी विजेत गार करतं त्याचं माप, त्याच्या आकड्यांवर फार झोप उडवू नका. २०२३ पासून टेक्साससह दक्षिणेत तीन टनी स्प्लिटला किमान १४.३ लागतोच, हीट पंपालाही तेवढाच. पॅकेजला १३.४. पंधरा-सोळाचं टू-स्टेज (कमी आणि पूर्ण अशा दोन पातळ्यांवर चालणारं) यंत्र मिळालं तर घ्या, पण विजेच्या बिलासाठी नव्हे. खालच्या स्टेजवर ते बराच वेळ हळू चालतं आणि पाणी काढतं. मात्र त्याला तसाच वेग बदलणारा ब्लोअर लागतो. १९९८ च्या एका वेगाच्या मोटरवर टू-स्टेज यंत्र म्हणजे बैलगाडीला टर्बो. वीसच्या पुढच्या सीअरचे पैसे डक्टमध्ये घाला.

एसीत भरतात त्या गॅसबद्दल एक सावधगिरी. आर-४१०ए ची नवी घरगुती यंत्रं १ जानेवारी २०२५ पासून बनणं बंद झालं. आता आर-४५४बी किंवा आर-३२ येतात, दोन्ही किंचित ज्वलनशील वर्गातले. घाबरायचं कारण नाही, पण आतली कॉइल आणि बाहेरचं युनिट एकाच गॅसचं आणि एकमेकांशी जुळवून प्रमाणित केलेलं हवं. कुणी गोदामात पडून राहिलेली जुनी कॉइल नव्या युनिटला जोडून देतो म्हणाला तर नको म्हणा. जोडीचा एएचआरआय (AHRI) नंबर, म्हणजे त्या प्रमाणपत्राचा क्रमांक, मागा. हीट पंपावर दोन हजार डॉलरपर्यंत आयकर सवलत असं सेल्समन अजून सांगत असेल, तर ती केंद्रीय सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली.

पॅनेल बघा. सगळं इलेक्ट्रिक असलेल्या तुमच्या घराला बहुधा २०० अँपिअरचं असेल. पंधरा किलोवॉटची फर्नेस एकटी ६२ अँपिअर खाते. नवीन युनिटच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणेच ब्रेकर आणि वायर हवी. कॉइलचं पाणी घराखाली सोडू देऊ नका, पाइप स्कर्टिंगच्या बाहेर काढा. तुमच्या भागात २०१७ च्या हार्वे चक्रीवादळात पाणी आलं होतं का, ते शेजाऱ्यांना विचारा. आलं असेल तर बाहेरचं युनिट त्या खुणेच्या वर उचलून बसवायचं, आणि चक्रीवादळासाठी पट्ट्यांनी चौथऱ्याला बांधायचं.

डक्ट अगदीच गेलेले असतील, पत्रा गंजून चाळण झाली असेल, तर मिनी स्प्लिट (डक्टशिवाय, खोलीखोलीत बसणारं यंत्र) हा पर्याय आहे. सिंगल-वाइडला, म्हणजे एकाच भागाच्या घराला, तर मी कित्येकदा तोच सुचवतो. तुमच्या तीन बेडरूमच्या घराला चार-पाच तोंडं लागतील, आणि तेवढ्या पैशात डक्ट नवे होतात.

माणूस निवडताना: टेक्सासमध्ये एसी ठेकेदाराच्या गाडीवर टीएसीएलए किंवा टीएसीएलबीने सुरू होणारा परवाना क्रमांक लिहिलेला असायलाच हवा. तो टीडीएलआरच्या (TDLR, राज्याचं परवाना खातं) संकेतस्थळावर तपासता येतो. मग दोनच प्रश्न विचारा. 'काम झाल्यावर डक्टचा स्टॅटिक प्रेशर (ब्लोअरवर येणारा हवेचा दाब) मोजून लिहून द्याल का?' आणि 'गॅस भरण्याआधी नळ्यांतला व्हॅक्यूम किती मायक्रॉनपर्यंत ओढता?' दुसऱ्याचं उत्तर ५०० किंवा त्याहून कमी यायला हवं. 'अर्धा तास पंप लावतो' हे उत्तर नव्हे.

यंत्र बसल्यावर थर्मोस्टॅट ७६ ते ७८, पंखा 'ऑटो'वर. 'ऑन'वर ठेवलात तर कॉइलवरचं पाणी परत घरात. फिल्टर मर्व्ह (धूळ अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) ८ चा पुरे. तेराचा जाड फिल्टर या छोट्या ब्लोअरचा गळा दाबतो. आणि फर्नेसच्या दाराच्या झडपांसमोर कपडे वाळत घालू नका. आपल्या लोकांच्या घरी हे हमखास दिसतं.

या शनिवारी करण्याजोगं काम. जमिनीतली एक जाळी काढा, फोनचा टॉर्च आणि व्हिडिओ चालू करून हात आत घाला आणि दोन्ही बाजूंना फिरवा. मला आजवर लेगो, हरवलेली मंगळसूत्राची वाटी आणि एकदा अख्खा पोळपाट सापडलाय. जोडांवर उजेड दिसला, म्हणजे भोक. मग फर्नेसचा पंखा चालू करून घराखाली जा. सकाळी लवकर, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालून, कारण ब्लॅक विडो कोळ्यांना स्कर्टिंगमागची सावली फार आवडते. क्रॉसओव्हरच्या दोन्ही टोकांभोवती तळहात फिरवा. जमिनीवर प्लास्टिक अंथरलेलं आहे का, बेली कुठे फाटून लोंबतेय, नळी चिखलाला टेकलीय का, याचे फोटो काढा. डेटा प्लेट, कूलिंग सर्टिफिकेट, फर्नेसची पट्टी आणि फर्नेसच्या कपाटाची आतली रुंदी, खोली, उंची इंचात, एवढं पाठवलंत तर अडीच की तीन हे मी तुम्हाला नेमकं सांगेन. आणि पाच टनवाल्याला तोवर सही देऊ नका.